नाना पोतनिसांचा चौथा माइक

नाना पोतनीस गेल्याची बातमी मला आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. चैत्राचे दिवस, सकाळची वेळ, मी कैरी किसत बसले होते. फोन वाजला म्हणून ओल्या हातानंच उघडला, तर सुप्रभाताच्या फुलांच्या खाली दोन ओळी होत्या... श्री. नारायणराव पोतनीस यांचे आज पहाटे निधन झाले, अंत्ययात्रा अकरा वाजता किला गेटच्या राहत्या घरून. त्याच्या खाली लगेच हात जोडलेल्यांची रांग लागली. मी हात जोडले नाहीत. फोन पालथा ठेवला आणि उरलेली कैरी किसून संपवली. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण झालं ते असं. नानांशी माझा तीन वर्षं अबोला होता. तो मीच धरला होता, नानांनी नाही. मी जन्माची फटकळ. मुलींच्या शाळेत संगीत शिकवलं, पण मुली माझ्या गळ्यापेक्षा माझ्या जिभेला जास्त घाबरायच्या. अकरा वाजता मी किला गेटला गेले, गर्दीच्या मागे उभी राहिले आणि नानांना खांद्यावरून जाताना पाहून घरी परत आले. त्यांच्या पत्नीला, सुधावहिनींना, भेटायची माझी हिंमत झाली नाही.

आज दीड महिना उलटून गेल्यावर हे लिहायला घेतलंय, कारण मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

नाना काही गवई नव्हते. टेलिफोनच्या खात्यात लाइनवर होते, उभी हयात खांबावरच्या तारा जोडण्यात गेली. त्यांना राग ओळखता येत नसत, आणि हे ते कुणालाही बिनदिक्कत सांगायचे. "मला भूप काय आणि देसकार काय, दोन्ही सारखेच, ताई. मला फक्त आवाज कळतो." पण ग्वाल्हेरात कुठल्याही मराठी घरी गाणं असलं, गुरुपौर्णिमा असो, दत्तजयंती असो की कुणाची साठी असो, की दुपारीच नानांची स्कूटर दारात येऊन लागायची. पुढे दोन पिशव्या आणि मागच्या सीटवर दोरीनं बांधलेल्या चार गोधड्या. नवीन माणसाला वाटायचं, हा गाद्या भरणारा आहे. पिशवीतून निघायचे चार माइक, तारांची भेंडोळी आणि जेवणाच्या डब्याएवढं एक रेकॉर्ड करायचं यंत्र. ते त्यांनी हजीरा भागातल्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून जुनं घेतलं होतं. त्यावर चार जणांचे आवाज चार निरनिराळ्या पट्ट्यांवर घेता येत. लॅपटॉप मात्र ते बैठकीत येऊ देत नसत. त्याच्या पोटात पंखा असतो आणि तो गाण्यात घुरघुरतो, असं त्यांचं म्हणणं. माइकचे स्टँड म्हणाल तर एक सलाइनचा, भंगारातून आणलेला, आणि बाकीचे छत्रीच्या दांड्या विटांच्या भोकात ठोकून केलेले.

"एकाच माइकवर सगळं गाणं घेतलं ना, तर तबला सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसतो," ते मला समजावायचे. "म्हणून चौघांना चार खोल्या द्यायच्या. मग घरी निवांत बसून ज्याला त्याला आपल्या जागेवर बसवायचं. बस, इतनी सी बात आहे." एक नंबरचा माइक गाणाऱ्याचा, दोन तबल्याचा, तीन पेटीचा आणि चौथा तानपुऱ्याचा. हा क्रम कधी बदलला नाही. आणि गोधड्या कशासाठी, तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये सांडू नये म्हणून. सांडणं हा त्यांचाच शब्द. मधे मधे त्या गोधड्या खुर्च्यांवर टाकून उभ्या करायचे आणि दूध उतू जाऊ नये म्हणून बाई जशी पातेल्याकडे बघते तसे त्या यंत्रावरच्या चार उजेडाच्या काड्यांकडे बघत कोपऱ्यात बसायचे.

शांततेचं तर त्यांना वेडच होतं. पैसे बेताचे, माइक स्वस्तातले, त्यामुळे बाहेरचा आवाज कमी करणं एवढंच आपल्या हातात, असं म्हणायचे. आल्याबरोबर यजमानांच्या घराचा ताबा घ्यायचे. पंखा बंद, कूलर बंद, कुरकुरणारी ट्यूबलाइट बंद. तबल्यावरचे आमचे शकीलभाई थंडीत तिळाच्या गजकची पुडी आणायचे, ती नाना जप्त करून अंगणात ठेवायचे, कारण गजक चावली की कुरुम वाजते आणि पुडीचा कागद तर त्याहून वाजतो. बायकांना बांगड्या काढायला सांगितल्या तेव्हा मोठाच गहजब झाला. "सवाष्णीला बांगड्या काढ म्हणणारा हा कोण मेला!" म्हणून एका काकूंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. तेव्हापासून नानांच्या खिशात धुतलेले रुमाल असायचे. बांगड्यांवर रुमाल गुंडाळायचे आणि हात जोडायचे. फ्रिज बंद केला की आपल्या स्कूटरची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवायचे, म्हणजे जाताना किल्ली घ्यायला फ्रिज उघडावाच लागायचा आणि तो सुरू करायचं राहून जात नसे. शेवटी भिंतीवरचं घड्याळ. त्याची टिकटिक माइकला ऐकू येते म्हणून त्यातला पेन्सिल सेल काढून खिशात टाकायचे. तो परत घालायचं मात्र हटकून विसरायचे. आमच्या लष्कर भागात कुणाच्या घरी घड्याळ थांबलेलं दिसलं की लोक विचारायचे, "काय, नाना येऊन गेले वाटतं?" मी एकदा त्यांना चिडवलंही, की फ्रिजची एवढी काळजी, मग घड्याळाची का नाही? तर म्हणाले, "घड्याळ बंद राहिलं तर नासत काही नाही, ताई."

मला ते ताई म्हणायचे, वयानं मोठे असूनही. माझी जागा माझ्या गुरूंच्या, दिघे मास्तरांच्या मागे, उजव्या खांद्याशी, तानपुरा घेऊन. शाळकरी होते तेव्हापासून तिथेच बसत आले. आणि मला एक खोड. मास्तर रंगले की माझ्याही नकळत मी तोंडातल्या तोंडात गुणगुणायला लागते. मास्तर मान न वळवता म्हणायचे, "कुमुद, तोंड बंद. तानपुरा बोलतोय ना?" मी गप्प व्हायची आणि पाच मिनिटांत पुन्हा सुरू. नाना दुसऱ्या दिवशी हसत सांगायचे, "चार नंबरवर कालही तुम्ही होत्या हं! पुरी की पुरी बैठक गुणगुणून राहिल्या. मी तो माइकच बारीक करून टाकला." मला भारी लाज वाटायची. आपली गुणगुण कुणी ऐकावी याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट गाणाऱ्या बाईला दुसरी नाही. मी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं की माझी गुणगुण कधी कुणाला ऐकवायची नाही. त्यांनी ते पाळलंही.

मास्तर बाड्याच्या चौकाजवळ एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचे. त्यांच्या पत्नी, माई, गेल्या आणि त्यांनी गाणं बंद केलं. दीड वर्ष. आम्ही जायचो, तानपुरा जुळवून समोर ठेवायचो, ते त्याच्याकडे बघत बसायचे आणि मग "चहा घ्या" म्हणायचे. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, त्याला काय आग्रह करायचा? आणि मग पौषातल्या एका सकाळी त्यांचा फोन आला. "कुमुद, आज दुपारी गाईन म्हणतो. बाजार बंद असतो आज. नानाला बोलाव."

मी धावतपळत सगळ्यांना जमवलं. नाना आले, त्यांचं सगळं यथासांग सुरू झालं. खोलीतला हीटर गुंगुं वाजत होता, तो बंद केला. मास्तर कुडकुडायला लागले. मी नानांची एक गोधडी उचलली आणि मास्तरांच्या गुडघ्यांवर टाकली. ती मास्तर आणि माझ्या तानपुऱ्याच्या मधे उभी करायची गोधडी होती. नाना कुरकुरले, "ताई, ती तर पडद्याची आहे. आवाज सांडेल ना." मी म्हटलं, "सांडू दे! म्हातारा माणूस गारठून मरायचा तुमच्या पडद्यापायी." मग मी त्यांना कोपऱ्यात घेऊन गेले आणि शाळेत मुलींना दम द्यायची तसं बोट नाचवून सांगितलं, "आज काही झालं तरी जागचं उठायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. मास्तरांचे डोळे उघडले तर तुमची खैर नाही." कारण मास्तरांचं हे सगळ्यांना माहीत होतं. गाताना डोळे मिटलेले असायचे, आणि मधे कशानं उघडले की गाणं तिथेच संपलं. एकदा भर बैठकीत कुणीतरी पाणी द्यायला पुढे आलं, तर मास्तरांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, नमस्कार केला आणि उठून आत गेले. पुन्हा बसले नाहीत. नानांनी माझ्या बोटाकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही उठत. वचन."

त्या दुपारी मास्तरांनी भीमपलास गायला आणि मग मुलतानी. कसा गायला ते मी लिहू शकत नाही, आणि लिहायचा प्रयत्नही करणार नाही. एवढंच सांगते की आवाज थकलेला होता, दम पुरत नव्हता, आणि तरी माई गेल्यापासूनचं दीड वर्ष ते जे बोलले नव्हते ते सगळं त्यात होतं. शकीलभाई वाजवता वाजवता बाहीनं डोळे पुसत होते. मी मधेच एकदा नानांकडे पाहिलं. ते यंत्रावर वाकून बसले होते, एक हात खिशात, आणि चेहरा पांढराफटक. मला वाटलं, गाणं भिडलंय. बिचाऱ्याला राग कळत नाहीत म्हणतो आणि बघा कसा हललाय, असंही मनात आलं.

गाणं संपलं. मास्तरांनी डोळे उघडले ते नानांकडेच वळले. "आलं ना रे सगळं?" नानांनी यंत्रावरच्या काड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आलं, मास्तर." मास्तर हसले. दीड वर्षानं हसले. नानांनी मुकाट्यानं आवरायला घेतलं, स्टुलावर चढून घड्याळात सेल घातला, आणि मी मोठ्यांदा म्हटलं, "बघा हो बघा, आज नाना घड्याळ विसरले नाहीत! लिहून ठेवा कुठंतरी!" सगळे हसले. नाना नाही हसले.

मास्तर फाल्गुनात गेले. त्यांच्या पुतण्यानं खोल्या रिकाम्या करताना तानपुरा मला दिला आणि भिंतीवरचं ते घड्याळही दिलं. दिवस झाल्यावर मी नानांना त्या दुपारच्या रेकॉर्डिंगबद्दल विचारलं. "साफ करून राहिलोय," म्हणाले. महिन्यानं विचारलं, तेच. श्रावणात विचारलं, तेच. एकदा ते माझ्या घरी आले होते. दारातून आत आले आणि समोरच्या भिंतीवर मास्तरांचं घड्याळ टिकटिकताना दिसलं तसे थबकलेच. बघतच राहिले. मी म्हटलं, "बसा, चहा टाकते," तर म्हणाले, "नको, ताई. आज नको," आणि आल्या पावली परत गेले. मला वाटलं, तगादा चुकवायला पळाला. माझ्या डोक्यात संशयाचा किडा शिरला तो तिथेच. मास्तरांचं शेवटचं गाणं, आपल्या एकट्यापाशी असावं असं वाटत असेल याला. किंवा कुठे बाहेर द्यायचं असेल. माणसाच्या मनाला वाईट विचार करायला फार वेळ लागत नाही, आणि माझ्या मनाला तर मुळीच नाही.

पहिल्या पुण्यतिथीला मंडळाच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. मास्तरांचं ते गाणं आज ऐकायला मिळेल म्हणून लोक लांबून लांबून आले होते. नाना शेवटच्या रांगेत बसले होते, रिकाम्या हातानं. मी उठले आणि भर सभेत म्हणाले, "पोतनिसांचं घराणंच खजिनदारांचं. खजिन्यावर बसून राहायचं, हे त्यांच्या रक्तातच आहे. पण तो खजिना तुमच्या बापाचा नाही, नाना. माझ्या गुरूंचा आवाज तुम्ही डब्यात कोंडून ठेवलाय. आजपासून माझ्या दारात येऊ नका." उचलली जीभ लावली टाळ्याला. नाना उठले आणि चपला हातात घेऊन बाहेर गेले. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून हातात घ्यायची त्यांची सवयच होती. गाणं नव्हतं तरी घेतल्या.

त्यानंतर तीन वर्षं. एकदाच ते मला बाड्यावर दिसले, विजेच्या सामानाच्या दुकानात सेल घेत होते, एकेक सेल दुकानदाराकडून तपासून. खूप वाळले होते. मला पाहून त्यांनी हात वर केला. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. आज तो हात डोळ्यांसमोरून हलत नाही.

नाना गेल्यावर चौदाव्या दिवशी सुधावहिनींचा फोन आला. "ताई, या ना एकदा. यांनी तुमच्या नावाचं एक पाकीट ठेवलंय. मला काय त्यातलं कळत नाही बाबा." मी गेले. किला गेटच्या त्यांच्या घरात मागची छोटी खोली नानांची. टेबलावर जुना कॉम्प्युटर, कानाला लावायचे मोठे हेडफोन, कोपऱ्यात घडी करून ठेवलेल्या गोधड्या. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. वहिनी म्हणाल्या, "रोज दुपारी जेवले की इथे बसायचे. घड्याळाचा सेल काढायचे, पंखा पण बंद. मी म्हणायची, अहो, जीव जाईल गर्मीनं. पण ऐकतील तर ना! चार चार तास तेच गाणं. मी बोलली, कुमुदताईंना एक फोन तर करा, झालं गेलं विसरून जा. तर म्हणायचे, अभी नाही, अजून ठीक नाही झालं. बस, यही एक बात... तीन वर्षं." त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. त्यात एक पेनड्राइव्ह होता आणि नानांची वही. प्रत्येक बैठकीची नोंद ते त्या वहीत करायचे, कोण गायलं, कुठे, कुठला माइक कुठे लावला. एका पानावर खूण घातली होती.

ते पान मी तिथेच, नानांच्या खुर्चीवर बसून वाचलं. वरती त्या पौषातल्या दुपारची तारीख, आणि खाली नेहमीसारखे चार आकडे. दोन, तीन आणि चारच्या पुढे "ठीक" लिहिलं होतं. एकच्या पुढे लिहिलं होतं, "नाही."

खाली बारीक अक्षरात सगळं होतं. त्यांच्या त्या स्वस्त माइकांच्या पोटात पेन्सिल सेल लागायचा आणि नाना प्रत्येक बैठकीला चार नवे सेल आणायचे. त्या दिवशी आधी त्यांनी मास्तरांच्या घड्याळातला सेल काढला आणि त्याच खिशात टाकला, जिथे नवे चार होते. मग माइकांत सेल भरले. घड्याळाचा मरतुकडा सेल मास्तरांच्या माइकमध्ये गेला आणि एक नवा सेल खिशात उरला. घड्याळाला काय, असल्या सेलवरही ते वर्षभर चालतं. माइकला ते चालत नाही. भीमपलासच्या सुरुवातीलाच यंत्रावरची पहिली काडी बारीक होत गेली आणि विझली. "नवा सेल खिशात होता," नानांनी लिहिलं होतं. "बदलायला अर्धा मिनिट लागला असता. पण मास्तरांच्या समोर जाऊन बसावं लागलं असतं. डोळे उघडले असते तर गाणं थांबलं असतं, आणि ते पुन्हा गायले नसते. कुमुदताईंनी उठू नका म्हणून सांगितलं होतं. बरोबरच सांगितलं होतं. नाही उठलो."

त्याच्या खाली दुसऱ्या शाईत, "मास्तरांना आलं म्हणून सांगितलं. ते त्याच विश्वासावर गेले. आता इतरांना नाही आलं म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

मी ते पान किती वेळा वाचलं कोण जाणे. वहिनींनी पाणी आणून ठेवलेलं मला कळलंही नाही. तो खिशातला हात, तो पांढराफटक चेहरा... आणि मी समजले होते की याला गाणं भिडलंय. दोन राग संपेपर्यंत तो माणूस मुठीत नवा सेल घट्ट धरून बसला होता. जवळच, चार हातांवर मास्तरांचं शेवटचं गाणं हवेत विरून जात होतं, आणि त्याला ते धरता येत होतं, फक्त उठायचं होतं. माझ्या एका बोटानं त्याला बसवून ठेवलं. उठले असते आणि गाणं थांबलं असतं, तर मीच त्यांना जन्मभर फाडून खाल्लं असतं. नाही उठले, तरी फाडून खाल्लंच. आणि शेवटी तो नवा सेल त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात घातला, आणि मी त्यावर सगळ्यांना हसवलं.

पुढची पानं त्यानंतरच्या चार वर्षांची होती. मास्तरांचा आवाज उरलेल्या तीन माइकांत कुठे कुठे सांडलाय ते शोधण्यात गेलेली. दोन नंबरवर तबल्याखाली दबलाय. तीनवर पेटी त्याच्या अंगावर बसते. "चारवर आहे," असं एका दिवशीच्या नोंदीत होतं आणि खाली दोनदा रेघ ओढली होती. "मधे गोधडी नव्हती म्हणून सांडला. गोधडी मास्तरांच्या गुडघ्यावर होती." जन्मभर ज्या सांडण्याशी भांडले, तेच शेवटी कामाला आलं. पण चार नंबरवर मी होते. माझी गुणगुण. महिनोन् महिने नाना ती काढायचा प्रयत्न करत होते, कारण मला वचन दिलं होतं. शेवटची नोंद माघातली होती. "कुमुदताईंची गुणगुण काढली तर मास्तर जातात. दोघांचा सूर एकाच जागी आहे. सगळं करून बघितलं. राहू दिली. ताई रागावतील. एकदा जाऊन माफी मागून द्यायचं आहे. चैत्रात जाईन."

चैत्रात ते गेले... 

घरी येऊन आठ दिवस मला तो पेनड्राइव्ह लावायचा धीर होईना. मग एका दुपारी उठले. बाहेर वैशाखाचं ऊन भाजून काढत होतं. मी कूलर बंद केला, पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. किल्ली ठेवायला माझ्याकडे स्कूटर नाही, घराचीच किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. बांगड्यांवर रुमाल बांधला. कशासाठी, ते मला विचारू नका. स्टुलावर चढून मास्तरांच्या घड्याळातला सेल काढला आणि मुठीत धरून बसले.

आधी फक्त तानपुरा आला, मोठा, अगदी कानाशी. मग त्याच्या पलीकडून मास्तर. समोरून नाही, मागून. त्यांचा आवाज पुढे भिंतीकडे जातोय आणि आपल्याकडे त्याची ऊब तेवढी येते आहे, असा. समोर बसणाऱ्यांनी मास्तर कसे ऐकले ते मला ठाऊक नाही. मी शाळकरी होते तेव्हापासून त्यांना असंच ऐकलंय, उजव्या खांद्यामागून. नानांनी मला मास्तर जसेच्या तसे, माझ्या जागेवर बसवून परत दिले होते. आणि त्यांच्या सुराला चिकटून, अगदी बारीक, एका बाईची गुणगुण होती. मला तिची लाज वाटली नाही. मी रडले, घामानं भिजले आणि पुन्हा रडले.

मुलतानी संपला. शांतता. मग मास्तरांचा आवाज, "आलं ना रे सगळं?" आणि मग लांबून, खोलीच्या कोपऱ्यातून, नानांचा, "आलं, मास्तर." इतक्या बैठका त्यांनी रेकॉर्ड केल्या, पण स्वतःचा आवाज कधी येऊ दिला नाही. हे दोन शब्द तेवढे राहिले. ते बोलले तेव्हा खोटं होतं. ते खरं करायला त्यांना चार वर्षं लागली. त्या रिकाम्या खोलीत मी मोठ्यांदा म्हटलं, "आलं हो, नाना. सगळं आलं." ऐकायला कुणी नव्हतं. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं, बाड्यावर, त्यांनी हात वर केला तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मी शकीलभाईंना ऐकायला बोलावलं. ते आले, पाणी प्याले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि त्यांची नजर भिंतीकडे गेली. मास्तरांचं घड्याळ तीन वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं होतं. सेल अजून माझ्या पदराच्या गाठीत होता, घालायचा राहूनच गेला होता. शकीलभाईंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग हळूच म्हणाले, "बहनजी, घडी बंद है... नाना आए थे क्या?"

मी म्हटलं, "हो. येऊन गेले."